जुनी मालवाहू गाडी : घ्यावी की न घ्यावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील उद्योगविषयक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीस ‘गृहोद्योग आणि भांडवल’ असा भारदस्त विषय नेमून दिलेला आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्याची तात्त्विक बाजू मांडलीच आहे. मी त्यातील एका अगदी लहान, परंतु अलीकडे आपल्या पुष्कळ घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या प्रश्नापुरतेच बोलणार आहे. पुष्कळ किलोमीटर धावलेली जुनी मालवाहू व्हॅन विकावयास आली असता ती घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यावयाची तर किती रुपयांस, एवढाच तो प्रश्न आहे. यंत्रविद्येचा मी अभ्यासक नव्हे. परंतु अंकगणित आयुष्यभर शिकविले आहे, आणि मंडळाच्या उद्योग-साहाय्य निधीकडे येणारे कर्जाचे अर्ज वाचून त्यांवर शेरा लिहिण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने पुष्कळ गाड्या पाहाव्या लागल्या, आणि मिस्त्रीलोकांच्या शेजारी उभे राहून चार उपयोगाच्या गोष्टी कानावर पडल्या.

आपल्या भगिनींनी पापड, मसाले, फरसाण यांचे उद्योग काढले. काही तरुणांनी लग्नकार्याची भांडी व जेवण पुरविण्याचे काम हाती घेतले. माल घरात तयार होतो, पण तो गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचविणारे वाहन भाड्याचे असते व नफ्याचा मोठा वाटा तेथेच गळून जातो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते; मग जुनी शोधली जाते. आणि ही जुनी गाडी बहुधा घरातील सोने मोडून किंवा निधीचे कर्ज काढून घेतली जाते. म्हणून तिच्या निवडीत चूक झाली, तर केवळ गाडी बंद पडत नाही. उद्योगही तिच्याबरोबरच बसतो.

नाव न घेता एक उदाहरण सांगतो. एका विधवा भगिनीने मुलासाठी बांगड्या मोडून मोठ्या शहरातील एका दलालाकडून व्हॅन घेतली. मीटरवर ६४ हजार किलोमीटरचा आकडा होता. रंग नवा, सीटकव्हरे नवी, आत अत्तराचा वास. तीन महिन्यांत इंजिन तेल पिऊ लागले आणि शेवटी ते उघडावे लागले. मिस्त्रीने सीट उचलून इंजिनावरचे झाकण काढले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस तेल बदलल्याची एक जुनी चिठ्ठी चिकटलेली मिळाली. तीवर लिहिले होते १,४८,०००. मुलगा ती चिठ्ठी घेऊन दलालाकडे गेला. दलालाने ती वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

याच्या उलट दुसरे उदाहरण आहे. आपल्यातील एका गृहस्थाने सव्वादोन लाखांच्या वर धावलेली व्हॅन पाव-बिस्किटे पोहोचविणाऱ्या एका माणसाकडून घेतली. त्याला सर्वांनी वेड्यात काढले. परंतु विकणारा स्वतःच ती गाडी चालवीत असे, आणि त्याच्यापाशी एक शंभरपानी वही होती. तेल कधी बदलले, क्लचप्लेट कधी टाकली, रेडिएटर कधी साफ केला, हे सर्व तारीख व किलोमीटर घालून तीत लिहिलेले होते. ती गाडी आज चौथे वर्ष कामावर आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते की मीटरवरचा आकडा हा गाडीचे वय सांगत नाही. फार तर तो वयाविषयी विकणाऱ्याचे म्हणणे सांगतो. आपले पूर्वज आठवड्याच्या बाजारांना माल घेऊन जात व त्यासाठी बैल खरेदी करीत. ते विकणाऱ्याला ‘बैल किती वर्षांचा?’ असे विचारून थांबत नसत. तोंड उघडून दात पाहत. दोन दाती, चार दाती की जुळलेला हे ठरवीत. खूर पाहत, खांद्यावर जुवाचा घट्टा पाहत, आणि मग त्याला चालवून पाहत. रुमालाखाली बोटे धरून भावाची बोलणी होत ती त्यानंतर. हल्ली पाहणी होण्याआधीच मोबाईलवर रंगीत चित्र पाहून विसार पाठविला जातो, याला काय म्हणावे!

आता किलोमीटरांचा अर्थ पाहू. इंजिन झिजते ते त्याने किती तास काम केले व कसल्या परिस्थितीत केले त्यावर. समजा, एक व्हॅन पुणे–कोल्हापूर अशा मोठ्या रस्त्यावर सरासरी ताशी ४५ किलोमीटर वेगाने चालली आणि दोन लाख किलोमीटर झाली. भागाकार केला तर इंजिन सुमारे ४,४४४ तास चालले. दुसरी गाडी शहराच्या बाजारपेठेत गर्दीतून वाट काढीत सरासरी ताशी १५ किलोमीटरने चालली आणि अवघी ९० हजार किलोमीटर झाली. तिचे इंजिन ६,००० तास चालले. शिवाय तिचा क्लच दिवसातून शेकडो वेळा दाबला गेला, पहिला-दुसरा गिअर सतत राबला, आणि सिग्नलला उभी असता इंजिन तापत राहिले. तेव्हा दोन लाखांची गाडी ‘म्हातारी’ आणि नव्वद हजारांची ‘तरुण’ हा हिशेब उलटाही ठरू शकतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की ही गाडी कोणत्या रस्त्यावर, काय वाहून आणि कोणाच्या हाताखाली चालली. मालक स्वतः चालवीत होता, की दर सहा महिन्यांनी नवा ड्रायव्हर येत होता, याला मी मीटरपेक्षा अधिक महत्त्व देतो.

काय वाहिले हेही महत्त्वाचे. मासळी वाहिलेली गाडी मी तरी कोणास घेऊ देणार नाही. बर्फाचे खारट पाणी पत्र्याच्या सांध्यांत उतरते आणि तळ आतून खाऊन टाकते. वरून रंग मात्र सुबक दिसतो. वाळू, विटा, लोखंड वाहिलेल्या गाडीचे पाटे पाहावेत. मूळच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला आढळला, तर त्या गाडीवर तिच्या शक्तीबाहेर ओझे लादले जात होते असे खुशाल समजावे. पाव, औषधे, कापड, कुरियरची पुडकी वाहिलेली गाडी पुष्कळ धावली तरी कंबर मोडलेली नसते.

मीटर मागे फिरविला आहे किंवा कसे, हे ओळखण्यास विशेष विद्या लागत नाही. क्लच आणि ब्रेक यांच्या पायपट्ट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, चालकाच्या बाजूची सीट खचली आहे, स्टिअरिंगवर हाताने चकाकी आली आहे, आणि मीटर मात्र पन्नास हजार दाखवितो, तर कोणीतरी खोटे बोलत आहे. रबर आणि सीट काही खोटे बोलत नाहीत. मात्र तीही नवी घातली असतील तर का घातली हे विचारावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. गाडी २०१८ ची, मीटर चाळीस हजारांचा आणि चारही टायर २०२३ चे, असे आढळल्यास आधीचे टायर कोठे झिजले याचा जबाब मागावा. वर्षांनीही भागून पाहावे. सात वर्षांची धंद्याची गाडी साठ हजारच चालली, म्हणजे वर्षाकाठी साडेआठ हजारांच्या आसपास. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर दिवसाला अठ्ठावीस किलोमीटर. असे असूही शकते, पण मग तसा धंदा त्या माणसाचा होता काय, हे पाहिले पाहिजे.

प्रत्यक्ष पाहणीस सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत गाडी चालू करू नये असे आदल्या दिवशीच बजावून ठेवावे. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना, हे पाहावे. गरम असल्यास थंडीत चालू होताना ती जी रड करते ती लपविण्यासाठी आधीच चालवून ठेवली आहे असा संशय घ्यावा. आपल्याकडे पुष्कळ घरी मारुतीच्या बंद व्हॅन आहेत. ओम्नी १९८४ साली आली व २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले, आणि ईको २०१० पासून आहे. या दोहोंचे इंजिन पुढल्या सीटखाली असते. सीट उचलल्याशिवाय ते दिसत नाही, आणि सीट उचलण्याचा आळस हाच पुष्कळांना भोवतो. तेल ओतण्याचे झाकण उघडून त्याच्या आतून पाहावे. तेथे दुधाच्या सायीसारखा फेस असेल तर तेलात पाणी मिसळत असण्याचा संभव आहे. इंजिन चालू ठेवून तेच झाकण काढले असता धूर जोराने भकभक बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा व बोअर झिजले आहेत. मागे नळीतून निळसर धूर आला तर तेल जळते. काळा आला तर इंधन नीट जळत नाही. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी आत जात आहे. काळ्या धुराचे काम बहुधा थोडक्यात निभते. निळ्या आणि पांढऱ्याचे तसे नाही. तेथे इंजिन बांधण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच पुढे बोलावे.

गाडीखाली वाकून पाहण्यास संकोच करू नये. तळाला ताजा काळा रंग फासलेला दिसला तर त्याखाली काय आहे, हे पेचकसाच्या टोकाने हळूच ठोकून पाहावे; पत्रा खणखणीत वाजतो की भुसभुशीत लागतो ते कळते. चासीला वेल्डिंगचे टाके असतील तर व्यवहार तेथेच थांबवावा. बाजूचे सरकते दार सहज लागत नसेल, तर कधीतरी मोठा अपघात होऊन सांगाडा वाकला असल्याचा तो पुरावा असू शकतो.

मग चालवून पाहावे, पण रिकामी नव्हे. रिकामी गाडी कोणाचीही चांगलीच चालते. आपण रोज जेवढे ओझे वाहणार, तेवढी पोती आत टाकून ती एखाद्या चढावर न्यावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लचप्लेट संपत आली आहे. गिअर स्वतःहून सुटतो काय, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूस ओढते काय, उतारावर मागून गुरगुर ऐकू येते काय, हे शांत चित्ताने ऐकावे. रेडिओ लावण्याची विकणाऱ्याची हौस त्या वेळेपुरती पुरी करू देऊ नये. सी.एन.जी.ची गाडी असेल तर ती दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी, आणि गॅसच्या सिलिंडरची तपासणी केव्हा झाली ते त्याच्या पट्टीवरून वाचावे. ही तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. शेवटी आपल्या विश्वासाचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, एक मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याचा मेहनताना आनंदाने द्यावा. इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजण्याचे उपकरण त्याच्यापाशी असल्यास फारच उत्तम.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण नियम सर्वांना विचारता येतात; ते विचारण्याची सवय मात्र नाही. आर.सी. बुकावरील चासीचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व पस्तीस नंबरचा फॉर्म हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही पडतो. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे पासिंग २०२२ च्या एप्रिलपासून फार महाग झाले आहे, म्हणून चौदाव्या वर्षी स्वस्तात मिळणारी गाडी स्वस्त का आहे ते उमजून घ्यावे. पांढऱ्या पाटीची प्रवासी व्हॅन सीटा काढून ‘मालवाहू’ म्हणून विकली जाते, तिच्या वाटेस जाऊ नये; धंद्याच्या मालवाहू गाडीस पिवळीच पाटी हवी. पांढऱ्या पाटीवर धंदा करताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. थकलेली ई-चलने शासनाच्या परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घालून घरबसल्या पाहता येतात.

नाव बदलून घेण्याचा मुद्दा मात्र विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण तेथे दोन्ही पक्ष ढिलाई करतात. एकोणतीस व तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या घेऊन ते कपाटात ठेवले म्हणजे गाडी आपली झाली, असा समज आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली असता विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.कडे कळविले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात असे ठरविले आहे की गाडी हातोहात कितीही जणांस विकली गेली, तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, व अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे आपल्या ज्ञातीत जे गाडी विकतात त्यांनी अधिकच जपावयास हवे. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज द्यावा. इतरांस झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नावावर झाल्याशिवाय कामास येत नाही.

आता भाव. येथे फळा-खडूची सवय मला सुटत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्याला रोज ६० किलोमीटर गाडी लागते. वर्षाचे दिवस ३००. म्हणजे वर्षास १८,००० आणि चार वर्षांत ७२,००० किलोमीटर. ‘अ’ गाडी ८० हजार चाललेली, किंमत ३ लाख. चार वर्षांत दुरुस्ती ६० हजार. शेवटी ती १ लाख ६० हजारांस विकली जाईल. निव्वळ खर्च २ लाख, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ७८ पैसे. ‘ब’ गाडी २ लाख २० हजार चाललेली, किंमत १ लाख ९० हजार. घेतल्याबरोबरची व पुढील दुरुस्ती मिळून १ लाख ४० हजार. शेवटी येणार ८० हजार. निव्वळ खर्च अडीच लाख. किलोमीटरमागे सुमारे ३ रुपये ४७ पैसे. एक लाख दहा हजारांनी ‘स्वस्त’ गाडी वस्तुतः महाग पडली. मग ‘ब’ची योग्य किंमत कोणती? निव्वळ खर्च ‘अ’इतकाच, म्हणजे २ लाख, यावा अशी ती पाहिजे; ती येते १ लाख ४० हजार. आणि जुनी गाडी दरवर्षी दहा दिवस जास्त गॅरेजात राहील, व बंद दिवसामागे आपले ८०० रुपये बुडतील असे धरले, तर चार वर्षांचे ३२ हजार आणखी वजा होऊन उरतात १ लाख ८ हजार. एवढ्यास मिळाली तर घ्यावी. दलाल १ लाख ९० हजारांवर अडून बसला तर नमस्कार करून परत यावे.

परंतु याच गणितातून दुसरेही निघते. ज्या भगिनीस आठवड्यातून तीन वेळा मसाल्याची पोती गावातल्या गावात पोहोचवावयाची आहेत, तिची गाडी दिवसाला पंधरा किलोमीटरही धावत नाही. चार वर्षांत अठरा हजारांच्या आतच काम संपते. एक दिवस गाडी बंद राहिली तर माल नासत नाही. दुसऱ्या दिवशी नेता येतो. अशा घरास तीन लाख रुपये गाडीत गुंतवून ठेवण्याचे प्रयोजन नाही. तिच्यासाठी पुष्कळ धावलेली, परंतु सांगाडा धड असलेली पेट्रोलची व्हॅनच योग्य. उलट दूध, भाजी, लग्नाचे जेवण वाहणाऱ्याचा एक बंद दिवस म्हणजे एक कायमचे गेलेले गिऱ्हाईक. त्याने जुन्या गाडीच्या मोहात पडू नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते व ती थोडक्या, संथ फेऱ्यांत तुंबते. तेव्हा गावातल्या गावात हिंडणाऱ्याने तिकडेही वळू नये.

यावरून कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपला निधी जुन्या गाडीसाठी कर्ज देताना संपूर्ण रक्कम विकणाऱ्याच्या हाती जाऊ देतो, आणि पहिल्या महिन्याच्या दुरुस्तीस घरात एक पैसा उरलेला नसतो. याऐवजी मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा निधीने स्वतःकडे राखून ठेवावा व दुरुस्तीच्या पावत्या आणून दिल्यावर तो द्यावा. अर्जासोबत मिस्त्रीचा लेखी अभिप्राय, टायरवरील आकडे आणि गाडी पूर्वी काय वाहत होती याची माहिती मागवावी. आणि ज्या अर्जदाराने गाडीच्या भावाचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे कागदावर मांडून आणला नसेल, त्याला तो आमच्यासमोर बसून मांडावयास लावावा. त्यासाठी दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी मंडळाच्या कार्यालयात बसावयास तयार आहे. ही सूचना पुढील सभेच्या कामकाजात घ्यावी अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.